छातीतली शिट्टी

तिला आम्ही शिट्टी म्हणायचो, आणि ते नाव पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघालं असावं असा मला संशय आहे. उंदीरघरात कोणीतरी शिट्टी वाजवतं ही बातमी माझ्याकडूनच बाहेर गेली, कारण तिच्या खोलीतला आवाज ऐकू येईल असा बाहेर एकटा मीच बसायचो.

मी एका संशोधन संस्थेत भट्टी चालवायचो. कागदोपत्री नाव ऑटोक्लेव्ह. आम्ही भट्टी म्हणायचो आणि मला भट्टीवाला. भिंतीत बसवलेली माणूसभर उंचीची पोलादी पेटी, तिला दोन दारं. एक माझ्याकडे, दुसरं भिंतीपलीकडे उंदीरघरात, म्हणजे प्रयोगाचे उंदीर पाळायच्या खोलीत. पिंजरे, खाणं, पाणी, भुसा, जे काही उंदरांपर्यंत जायचं ते मी माझ्या दारातून आत ठेवायचो, वाफेने शिजवायचो, आणि मग शिट्टी तिच्या दारातून काढून घ्यायची. दोन्ही दारं एका वेळी उघडत नसत. भिंतीला तळहाताएवढी काच होती आणि तिच्याखाली बोलायचा फोन. अकरा वर्षं आम्ही त्या भिंतीच्या दोन बाजूंना काम केलं. तिचा चेहरा मी तिथे फक्त डोळ्यांपुरता पाहिला, कारण बाकी सगळं टोपीत आणि मास्कमध्ये असायचं.

उंदीरघरात जायचं म्हणजे सकाळी अंघोळ करून संस्थेचे कपडे घालायचे, दोन दारांच्या मधल्या खोक्यात वाऱ्याखाली उभं राहायचं, आणि एकदा आत गेलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर यायचं नाही. खिडकी नाही. दिवे घड्याळावर लागणार आणि घड्याळावर विझणार, कारण उंदरांना दिवस-रात्र सारखे लागतात. तीनशे पिंजरे, एकेकात पाच. ती म्हणायची, "काका, एवढा संसार कुणाला सांभाळावा लागला नसेल. आणि एकाचंही लग्नकार्य नाही."

तिचा नवरा संस्थेची गाडी चालवायचा. तो गेल्यावर तिला त्याच्या जागी घेतलं. म्हणजे गाडीवर नाही, उंदीरघरात, कारण तेवढीच जागा रिकामी होती. नेमणुकीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की ही नेमणूक याच कामापुरती आहे. त्या पत्रावर संस्थेच्या मागच्या आवारातल्या दोन खोल्या तिच्याकडे राहिल्या. त्या खोल्यांत ती आणि तिचे सासरे.

सासरे शिंपी होते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले तेव्हा ते साठीचे होते. पण त्या दोन खोल्या त्यांनी बोटांनी पाठ केल्या होत्या. खाटेपासून दार सहा पावलं, दारापासून नळ अकरा, नळाकडून डावीकडे वळलं की बाकडं. त्या बाकड्यावर बसून ते आवारातल्या लोकांना बटणं लावून द्यायचे. सुईत दोरा ओवता यायचा नाही, म्हणून ती सकाळी दहा सुया ओवून उशीला टोचून जायची. ते म्हणायचे, "ही खोली सोडून मला दुसऱ्या खोलीत नेलं, तर मी खरा आंधळा होईन. आत्ता मी फक्त बघत नाही."

तिसऱ्या वर्षी तिला शिंका सुरू झाल्या. मग डोळे लाल. मग मनगटावर, हातमोजा संपतो तिथे, गांधी उठायला लागल्या. पाचव्या वर्षी तो आवाज आला. भुसा बदलायच्या दिवशी फोनमधून बारीक, वर चढत जाणारी शिट्टी ऐकू यायची. मी विचारलं, "काय गं, गाणी म्हणतेस का?" ती म्हणाली, "शिट्टी वाजवते. उंदीर शांत राहतात."

मला ते पटलं. मी चहाच्या वेळी चार लोकांना सांगितलं, लोक हसले, आणि नाव पडलं. तीही हाक मारली की ओ द्यायची. तिच्या छातीतून ती शिट्टी निघत होती हे कळायला मला पुढे दोन वर्षं लागली, आणि तेसुद्धा तिनेच सांगितलं म्हणून.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर ओट्यावर बसली होती. मास्क नव्हता. ओठ निळसर होते आणि ती खांदे वर घेऊन श्वास ओढत होती, जशी माणसं जड पोतं उचलताना घेतात. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "काका, शिट्टी मी वाजवत नाही. ती मला वाजवते."

उंदरांच्या मुतात काहीतरी असतं, ते वाळून भुशाच्या धुळीबरोबर उडतं, आणि काही माणसांच्या अंगाला ते वैरी वाटतं. वर्षानुवर्षं उंदरांबरोबर काम करणाऱ्यांत हे होतं. संस्थेचा नियमही होता: ज्याला असं झालं त्याला उंदीरघरातून ताबडतोब काढायचं. त्याच्या भल्यासाठीच. पण तिला काढून ठेवायला दुसरी जागा नव्हती. पत्र एका कामाचं आणि खोल्या त्या पत्राच्या.

"मग तपासणीत कशी पास होतेस दरवर्षी?" मी विचारलं.

"तपासणीच्या आधी पंधरा दिवस रजा घेते. सासऱ्यांचे डोळे दाखवायला. उंदीर नसले की आठ दिवसांत छाती मोकळी होते. डॉक्टर कानाला नळी लावतात आणि म्हणतात, उत्तम."

"आणि परत आल्यावर?"

"परत आल्यावर पहिल्याच दिवशी. जणू मध्ये सुट्टी झालीच नाही." तिने पाणी संपवलं. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. उंदरांचंच आहे सगळं."

मी कुणाला बोललो नाही. तिने बोलू नका म्हणून सांगितलं नव्हतं. मी आपला बोललो नाही. आपण बरं, आपलं काम बरं, असं मी आयुष्यभर म्हणत आलो आणि त्याला चांगला स्वभाव समजत आलो.

त्या वर्षांत उंदीरघरातले बहुतेक पिंजरे एका संशोधक बाईंचे होते. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणाऱ्या. आम्ही सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचो. इतरांचे उंदीर दोन-तीन महिन्यांत संपायचे. बाईंचे वर्ष उलटलं तरी तिथेच. एकदा त्या बाटल्या न्यायला माझ्याकडे आल्या तेव्हा शिट्टीने आतून फोनवर विचारलं, "बाई, ही म्हातारी मंडळी कशाला पोसताय? निम्म्यांना ऐकू येत नाही आता."

बाई फोनजवळ स्टूल ओढून बसल्या. त्यांना सांगायला आवडायचं. "यांना लहानपणी लस दिली. त्यानंतर तो रोग त्यांनी पाहिलासुद्धा नाही. तरी त्यांच्या रक्तात अजून त्याविरुद्धच्या अँटिबॉडीज सापडतात. एक अँटिबॉडी काही वर्षभर टिकत नाही, काही आठवड्यांत संपते. म्हणजे कोणीतरी रोज नवी करतंय."

"कोण?"

"हाडांच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, काही पेशी जाऊन बसतात. एकदा बसल्या की हलत नाहीत. माणसात दशकं बसतात. पण त्यांना बाहेर काढून प्रयोगाच्या बशीत ठेवलं तर दोन दिवसांत मरतात. मग मगजात असं काय आहे जे बशीत नाही?"

"काय?"

"शेजार," बाई म्हणाल्या. "शरीराचे जन्मजात शिपाई असतात. त्यांना कोणाचा चेहरा लक्षात ठेवायला कोणी शिकवत नाही. परकं दिसलं की तुटून पडायचं, एवढंच. त्यातल्याच एका जातीला इओसिनोफिल म्हणतात. आयुष्य चार-आठ दिवसांचं. पण मगजात त्या बसलेल्या पेशीच्या शेजारी ते असतात, आणि ते काहीतरी झिरपवतात ज्यावर ती तग धरते. काही लोकांना प्रयोगात असं दिसलं, काही म्हणतात तसं काही नाही. म्हणून मी यांच्यातल्या निम्म्यांच्या अंगातले इओसिनोफिल औषधाने काढून टाकणार, आणि लशीची जुनी आठवण टिकते की जाते ते बघणार."

मग ती म्हणाली, "म्हणजे ज्यांना स्वतःला काही आठवत नाही, ते आठवणीला जगवतात."

"असा माझा अंदाज आहे."

"आमच्याकडे उलटं आहे बाई. सासऱ्यांना माझ्या लग्नात किती लाडू कमी पडले तेही आठवतं. जगवायचं मात्र मी."

बाई हसल्या आणि कपाळावरचा चष्मा शोधत निघून गेल्या.

कागदाची गोष्ट याच्यानंतरची. शिट्टीला सगळ्यात जास्त त्रास मळका भुसा बदलताना व्हायचा, कारण तेव्हा धूळ उडायची. उंदरांना घरट्यासाठी मूठभर कागदाच्या पट्ट्या द्यायची पद्धत होतीच. त्या पाकिटातून तयार यायच्या. एक दिवस तिने मला विचारलं, भुसा अगदी पातळ घालून वरून कागदच जास्त घातला तर? कागदाची धूळ उडत नाही. पण तेवढी पाकिटं मागायला जनावरांच्या डॉक्टरांची सही लागली असती, आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला असता: का?

तळघरात कागदाची कोठी होती. तिथे जुनी कागदपत्रं मशीनमध्ये घालून पट्ट्या करायचे आणि पोत्यांत भरून ठेवायचे. मी तिथून पट्ट्या आणायला लागलो. ज्या पिंजऱ्यांत पाच नर असत ते लवकर मळत, तेवढ्या पिंजऱ्यांना ती कागद घालायची. बाकीच्यांना नेहमीसारखा भुसा. तिची छाती थोडी हलकी झाली. फोनमधून शिट्टी कमी यायला लागली, आणि मला वाटलं की मी काहीतरी केलं.

मी काय केलं ते सांगतो. भट्टीच्या फेऱ्या मोजक्या असायच्या. कागदासाठी वेगळी फेरी लावली तर नोंद झाली असती, म्हणून मी इतर सामानाच्या फटीत कागदाचे गठ्ठे कोंबायचो. पायाने दाबून, सुतळीने आवळून. वर खुणेची चिकटपट्टी लावायचो. उष्णता लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. रेघा दरवेळी उमटायच्या. पण पट्टी गठ्ठ्याच्या बाहेर असते. घट्ट आवळलेल्या कागदाच्या पोटात वाफ शिरत नाही. हे मला माहीत होतं. कामाला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मला हेच शिकवलं होतं. आणि त्या तळघरात बाहेरचे मोकाट उंदीर फिरतात हेही मला माहीत होतं, कारण मी त्यांच्या लेंड्या पाहिल्या होत्या.

सात महिन्यांनी बाईंच्या प्रयोगाचे आकडे बिघडले. औषधाने ज्या उंदरांच्या अंगातले इओसिनोफिल काढले होते, त्यांच्यातल्या काहींत ते पुन्हा धो धो यायला लागले. ज्यांना औषध दिलंच नव्हतं त्यांच्यातल्याही काहींत तीच गर्दी. बाईंनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी एका उंदराच्या शेपटीखाली पारदर्शक चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तिच्यावर जंतांची अंडी होती.

जंत शिरले की इओसिनोफिल वाढतात. तेवढं तर मलाही कळलं.

डॉक्टर मितभाषी. ते माझ्याकडे आले, भट्टीचे सगळे आलेख पाहिले. आलेख चांगले होते. पाकिटातले कागद पाहिले, तेही चांगले. मग बाई आपणहून पुढे आल्या. त्या मागे एकदा दुसऱ्या एका संस्थेच्या उंदीरघरात जाऊन आल्या होत्या, आणि नियमाप्रमाणे सात दिवस थांबायचं ते पाचव्या दिवशीच आत गेल्या होत्या. "माझ्याच अंगावरून आलं असणार," त्या म्हणाल्या. "लिहून देते."

डॉक्टर म्हणाले, "कुठून आलं ते कळलं, तर कुठपर्यंत गेलं ते कळेल. प्रत्येक पिंजऱ्याला गाळणीचं झाकण आहे, काही पिंजरे वाचवता येतील. पण तुमच्या अंगावरून आलं असेल, तर तुम्ही सगळ्याच पिंजऱ्यांना हात लावलाय. शुक्रवारी दुपारी खोली रिकामी करायची."

खोली रिकामी करायची म्हणजे तीनशे पिंजरे, दीड हजार उंदीर, गॅसच्या पेटीत. ते काम शिट्टीचं. बाईंची दोन वर्षं त्यातच जाणार होती, आणि बाईंच्या नावाने कागदावर चूक राहणार होती. शिट्टीने तोंड उघडलं तर दोनशेच्या वर पिंजरे वाचणार होते. पण कागद का, हे सांगावं लागणार होतं, आणि ते सांगितलं की तिची जागा आणि त्या दोन खोल्या जाणार होत्या.

बुधवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. ती गप्प राहणार आहे असं तिच्याकडून ऐकलं, तर मला बरं वाटलं असतं, असं आता वाटतं.

सासरे खाटेवर बसले होते. "भट्टीवाले, बसा. आज तुमचे पाय जड पडताहेत."

शिट्टी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने विचारलं, "तुम्ही बोललात का कुणाला?"

"नाही."

"मीपण नाही." मग तिने सासऱ्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई लिहून देणार आहेत. आपण काही न करता सुटतोय. नुसतं शुक्रवारपर्यंत उभं राहायचंय."

"मोठ्याने बोल," म्हातारा म्हणाला. "कुजबुजलीस की तुझी छाती जास्त वाजते."

तिने तळहात छातीवर दाबला.

"सहा वर्षं ऐकतोय. रजेवर असलीस की थांबते, कामावर गेलीस की सुरू होते. मी आंधळा आहे, सूनबाई. बहिरा कधी झालो ते मला कोणी सांगितलं नाही."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"कारण नळ अकरा पावलांवर आहे." ते बराच वेळ खाटेची कड चाचपत राहिले. "त्याची लाज वाटते म्हणून बोललो नाही. आता बोलतोय, तर ऐक. काय भानगड आहे ती?"

तिने सांगितली. कागद, जंत, बाई, शुक्रवार. माझं नाव तिने घेतलं नाही. मी तिथेच बसलो होतो आणि तिने म्हटलं, "मी कोठीतून कागद आणले."

"या खोल्यांतून बाहेर गेलो तर बाबा, तुम्हाला घरात नळ सापडणार नाही," ती म्हणाली.

"आणि तू त्या कोंडवाड्यात पडलीस तर मला तू सापडणार नाहीस. ते दार आतून उघडायलाही वेळ लागतो म्हणतेस ना?" मग ते माझ्याकडे वळले, नेमके माझ्या चेहऱ्याकडे. "तुमचं काय मत, भट्टीवाले?"

मी म्हटलं, "तिने ठरवावं."

"हे मत नव्हे," म्हातारा म्हणाला. "हे उठून जायची तयारी आहे."

आणि मी खरंच उठून आलो.

गुरुवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे आत गेली. दहाच्या सुमाराला फोन वाजला. "काका, बाईंना बोलवा. कागद-पेन्सिल घेऊन या म्हणावं."

बाई आल्या, स्टुलावर बसल्या. आतून ती म्हणाली, "लिहून घ्या. पहिली मांडणी, वरून दुसरी ओळ. चार, पाच, नऊ. तिसरी ओळ. एक, दोन, अकरा, बारा."

"हे काय आहे?"

"या पिंजऱ्यांत मी बाहेरचा कागद घातलाय. जंत त्यातून आलेत. बाकीच्यांत नाही घातला. लिहा, नाहीतर मी विसरेन." ती विसरणार नव्हती. तिने कुठेच काही लिहून ठेवलं नव्हतं आणि सात महिन्यांत कुठला पिंजरा कुठे हलवला तेही ती सांगत होती. प्रत्येक ओळीनंतर तिला थांबावं लागत होतं. थांबली की तो आवाज यायचा, फोनमधून अगदी जवळ.

विसाव्या पिंजऱ्याला बाईंनी पेन्सिल थांबवली. "शिट्टी वाजवताय का तुम्ही?"

"नाही बाई. ही शिट्टी नाही. म्हणून तर कागद घातला."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "बाहेर या. आत्ता."

"चौसष्ट आहेत. वीस झाले. राहिलेले लिहा, मग येते." आणि तिने राहिलेले चव्वेचाळीस सांगितले. तिला मध्ये तोडायला बाईंनी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा पुढचा आकडा आला.

ती दोन दारांमधल्या खोक्यात वाऱ्याखाली उभी असताना मी बोललो. इतक्या हळू की बाईंनी विचारलं, "काय म्हणालात?"

"कागद मी आणला. गठ्ठे मी आवळले. भट्टी माझी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना सांगा," आणि खोक्याच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मी डॉक्टरांना सांगितलं. मला समज मिळाली, लेखी. नोकरी राहिली. तेवढंच.

चौसष्ट पिंजरे गेले. बाकीच्यांची एकेकाची तपासणी झाली आणि ते स्वच्छ निघाले. बाईंचा प्रयोग पुढे चालला. वर्षभराने त्यांनी मला सांगितलं की अँटिबॉडीज थोड्या उतरल्या, पण संपल्या नाहीत. "एकट्या इओसिनोफिलचं काम नाही ते. एक शेजारी काढला की दुसरे ती जागा भरून काढतात. आठवणीला मारणं सोपं नाही, काका."

शिट्टीची तपासणी तिने पिंजरे सांगितले त्याच आठवड्यात झाली होती. दंडावर सुईने थेंब टोचतात. उंदराचा थेंब टोचला तिथे नाण्याएवढी गांधी उठली. रक्तात इओसिनोफिल भरपूर. बाईंनी तो कागद माझ्यासमोर दोनदा वाचला. तिने बाईंना विचारलं, "उंदरांच्या अंगातले काढता, तसे माझ्या अंगातले काढून टाका ना. मग अंग विसरेल."

"दम कमी करायला औषधं आहेत," बाई म्हणाल्या. "ओळख पुसायला नाही. उंदरांपासून लांब राहायचं, एवढंच."

लांब राहायचं. आधी तिला काचेची भांडी धुवायला ठेवलं. पण तिथे उंदीरघरातून येणारी माणसं यायची, आणि त्यांच्या बाहीवर जेवढं यायचं तेवढं तिला पुरायचं. सहा महिन्यांनी संस्थेने कळवलं की तिच्यासाठी जागा नाही. कुणी वाईट वागलं नाही. पत्र सभ्य होतं. खोल्या सोडायला दोन महिने दिले.

दूर एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांनी एक खोली घेतली. ती म्हाताऱ्याकडून शिवण शिकली. ते बोटांनी शिवण चाचपायचे आणि वाकडी असली की उसवायला लावायचे. तिला काम मिळायला लागलं. पण घर बघताना, कपडे पोचवायला कुणाच्या घरी जाताना, जिन्याखालच्या अडगळीजवळून जातानासुद्धा ती आधी नाक वर करून थांबायची. भिंतीत उंदीर असला तर तिच्या छातीला तो सगळ्यांच्या आधी कळायचा. तीन घरं त्यांनी अशीच नाकारली होती.

नव्या खोलीत म्हाताऱ्याने दारापासून खाट मोजली, खाटेपासून मोरी मोजली. आकडे त्यांना पाठ झाले. पण ते बाहेर पडेनात. जिना त्यांनी एकदाच उतरून पाहिला आणि दुसऱ्या वळणावर बसकण मारली. तिने मला निरोप पाठवला म्हणून मी गेलो, आणि आम्ही दोघांनी त्यांना धरून वर आणलं. ते म्हणाले, "आता मी खाली जाणार नाही. उगाच तीन मजले कुणाला हमाली नको."

निवृत्त झाल्यावर मी महिन्यातून एकदा जाऊ लागलो. एका भेटीत म्हातारा मला हळूच म्हणाला, "एक गोष्ट सांगू का? तिला सांगू नका. पूर्वी घरात ती कुठे आहे ते मला छातीवरून कळायचं. मोरीशी आहे, चुलीशी आहे, दारात आहे. आता छाती वाजत नाही. बरं आहे. पण मला ती सापडत नाही. कधी कधी वाटतं, खोलीत कोणीच नाही."

ते तिने मोरीतून ऐकलं. एवढीशी खोली. ती हात पुसत बाहेर आली आणि मशीनवर बसली.

पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा ती सगळा वेळ बोलत होती. पूर्वी फोनवर चार शब्द बोलणारी बाई. बाबा, मी आता कात्री घेते. बाबा, मी खिडकीशी आहे, दोरा बघते. बाबा, मोरीत जाते. म्हाताऱ्याची मान त्या आवाजाबरोबर फिरत होती. काम करणारा माणूस मध्ये गप्प होतो. ती गप्प झाली की त्यांची बोटं खाटेची कड शोधायला लागायची, आणि ते तिच्या लक्षात आलं की ती पुन्हा सुरू करायची. बाहेर जायचं असलं तर ती किती वेळ बाहेर असेल ते आधी सांगायची, आणि तेवढ्यात परत यायची. त्याच्यामुळे ती लांब कुठे जात नसे.

मी निघालो तेव्हा ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, "दमत नाहीस का, इतकं बोलून?"

"श्वास आहे आता भरपूर," ती म्हणाली.

मला तिला काही सांगायचं होतं. गठ्ठ्यांबद्दल, त्या बुधवारबद्दल. मी शब्द जुळवत होतो. ती थोडा वेळ थांबली, मग तिने मान मागे वळवली आणि उघड्या दारातून आत म्हणाली, "बाबा, मी जिन्यावर आहे. भट्टीकाकांबरोबर. आलेच."